मैदानाला कोणीही हात लावू नये

मार्च सरत आला आणि शेवटचा सामना झाला की आई केतकीचे गोलकीपरचे पॅड बाथटबमध्ये गरम पाणी आणि व्हिनेगर घालून धूत असे आणि मागल्या काचेच्या खोलीत वाळत ठेवीत असे. पॅड चार दिवसांत वाळत, परंतु त्यांचा वास जावयास सप्टेंबर उजाडे. ज्या घरात गोलकीपर नाही त्या घराला या वासाची कल्पना यावयाची नाही. ओले रबर, घाम, वाळू आणि व्हिनेगर यांचा तो संमिश्र दरवळ होता, आणि आमच्या लेस्टरच्या घरात मेथीची भाजीसुद्धा त्याच्यापुढे नमते घेई. पाहुणे आले की आई त्या खोलीचे दार लोटून उदबत्ती लावी. मी मात्र, कोणाला सांगत नसे, पण मधूनमधून त्या खोलीत जाऊन उभा राहात असे. हॉकी नसलेल्या सहा महिन्यांत हॉकीचे आमच्या घरात तेवढेच काय ते उरत असे.

आज चाळिशी ओलांडल्यावर मी हे लिहावयास बसलो आहे. इतक्यात आठवणी लिहिणे काहींना घाईचे वाटेल. परंतु बेलग्रेव्ह रोडवर एका साड्यांच्या दुकानाच्या मागल्या खोलीत गेली कित्येक वर्षे मी लोकांचे अर्ज लिहितो आहे. कौन्सिलला, शाळांना, घरमालकांना, क्रॉयडनच्या व्हिसा कचेरीला. दुसऱ्यांच्या आयुष्याची हकीकत एका पानात बसवून बसवून माझी अशी खात्री झाली आहे की ज्याने स्वतःची हकीकत वेळेवर लिहिली नाही, त्याची दुसरा कोणी तरी चुकीची लिहितो. अर्जनवीस हा शब्द आता फारसा कोणी वापरत नाही. मी वापरतो. तो माझ्या पाटीवर ठळक देवनागरीत आहे, आणि त्याचा अर्थ विचारावयास म्हणून आत आलेली काही माणसे पुढे माझी कायमची अशिले झाली आहेत. हा व्यवसाय मला कोणी शिकवला नाही. तो मला एका उन्हाळ्याने लावला, आणि त्या उन्हाळ्याविषयी केतकीने सांगावे त्याआधी मीच सांगितलेले बरे.

केतकी माझी धाकटी बहीण. ती ज्या कॉलेजात शिकत होती त्याच कॉलेजात माझेही शिक्षण झाले, म्हणजे अर्धे झाले. गणिताने मला सोडले की मी गणिताला, याविषयी घरात दोन मते होती. बाबा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ असल्यामुळे माणसे शांत झोपलेली पाहण्याची त्यांना सवय होती. माझ्याकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर येणारी चिंता ही रोगी वेळेवर जागा होईल ना, या जातीची असे. परंतु कॉलेज सोडले म्हणून कॉलेजचा संघ सोडावा, असे कोठेही लिहिलेले नाही. मुलींचा हॉकी संघ शनिवारी दुपारी दोन वाजता खेळे आणि मी दीड वाजता गोलच्या मागे, विजेच्या खांबाच्या डाव्या बाजूस, कुंपणाच्या गजावर कोपरे टेकून उभा असे. माझ्या डावीकडे जिग्नेश आणि उजवीकडे निखिल.

या दोघांची ओळख करून देणे प्राप्त आहे. जिग्नेशच्या वडिलांचे मिठाईचे दुकान होते. तो गुजराती, परंतु आमच्याकडे जेवून जेवून मराठी शिकलेला, त्यामुळे त्याच्या मराठीत खाण्याचे शब्द अचूक आणि बाकीचे अंदाजाने असत. निखिल हा बाबांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर खऱ्यांचा नातू, याच देशात जन्मलेला. तो घरी मराठी बोले, पण त्याच्या बोलण्यात गाडी हा पुल्लिंगी आणि आजोबा कधीकधी नपुंसकलिंगी होत. आम्ही तिघांनी मिळून एक समर्थक मंडळ स्थापन केले होते. मी अध्यक्ष, निखिल सचिव, जिग्नेश खजिनदार. सामान्य सभासद म्हणून कोणी मिळाला नाही. मंडळाचा खजिना म्हणजे आईने शनिवारी दिलेला डबा. त्यात फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपिठे, लसणीची चटणी आणि मोठ्या थर्मासात आले घातलेला चहा असे. समोरच्या संघाचे समर्थक थंड सँडविच खाताना आमच्याकडे ज्या नजरेने पाहात, त्या नजरेने आमचे निम्मे सामने आम्ही आधीच जिंकलेले असत.

मग उन्हाळा येई. बाबा टीव्हीसमोर क्रिकेट लावून बसत, आणि आम्ही तो घरातला परकीय अंमल समजून स्वयंपाकघरात राहात असू. रस्त्यावरून आइसक्रीमच्या गाडीची घंटा जाई, शेजारचे गृहस्थ दर शनिवारी गवत कापीत, आणि त्या यंत्राच्या घरघरीत आम्ही जेवणाच्या टेबलावर मागचा सामना पुन्हा खेळत असू. मागचा सामना म्हणजे मार्चमधला शेवटचा. एकेक बरोबरी असताना, शेवटच्या मिनिटाला, समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला होता. चेंडू सरळ केतकीच्या पायावर येत होता, तिने पाय बरोबर आडवा टाकला होता, आणि तरी तो गोलात गेला. आम्ही हे असे कसे झाले याचा निकाल लावल्याशिवाय राहणार नव्हतो. मटारचा दाणा चेंडू, मिठाची बरणी केतकी, लाटणे गोलची रेषा. जिग्नेश समोरच्या संघाकडून चमच्याने दाणा मारी. जितक्या वेळा खेळलो तितक्या वेळा बरणीने दाणा अडवला. मी निकाल दिला की अंपायरने शिट्टी उशिरा वाजवली असली पाहिजे. निखिलचे म्हणणे पडले की ऊन डोळ्यांत गेले. एकदा केतकी फ्रिजमधले दही घ्यावयास आली आणि आमचा खेळ पाहात दाराशी थांबली.

"टेबलक्लॉथ सपाट आहे, दादा," ती म्हणाली आणि दह्याची वाटी घेऊन वर निघून गेली.

मला वाटले, ती आमच्या खेळाला नावे ठेवते आहे. त्या वाक्यात सगळे प्रकरण होते, हे कळावयास मला पुढचे दीड महिने लागले.

जूनमध्ये केतकी तीन आठवडे बर्मिंगहॅमला मावशीकडे गेली. तिथल्या एका प्रयोगशाळेत तिला काम शिकावयाचे होते. घर शांत झाले, बाहेर गॅरेजच्या भिंतीवर चेंडू आपटण्याचा तिचा तो ठक्‌ ठक्‌ आवाज थांबला, आणि कूकरच्या शिट्ट्याही मला उगाच जास्त ऐकू येऊ लागल्या. आम्ही तिघांनी नवा परिपाठ सुरू केला. शनिवारी दोन वाजता, सामना नसतानाही, आपापल्या जागी कुंपणाशी जाऊन उभे राहावयाचे. निखिलने याचे कारण विचारले तेव्हा मी सांगितले की जागा थंड पडू देता कामा नये. आईने काहीही न विचारता थालीपिठे दिली. रिकाम्या मैदानाकडे पाहात, गरम चहा पीत, आम्ही सत्तर मिनिटे उभे राहात असू. मध्यंतरही घेत असू. मैदानाची देखभाल करणारा डेरेक नावाचा म्हातारा माणूस लांबून आम्हाला हात करी. त्याला आमच्याविषयी काय वाटत असेल याचा मी तेव्हा विचार केला नाही, आता करतो.

अशाच एका शनिवारी मैदानावर पिवळी जाकिटे घातलेली दोन माणसे दिसली. एकाजवळ लांब दांड्याचे मोजण्याचे चाक होते, दुसरा कडेकडेने पांढऱ्या रंगाचे ठिपके मारीत होता. आम्ही हातातली थालीपिठे खाली ठेवली.

"सेम जाकीट, सेम व्हील," निखिल हळूच म्हणाला. "माझा आजोबाच्या हॉस्पिटलमधला टेनिस कोर्ट असाच मेजर केला होता. मग दोन मंथमध्ये कार पार्किंग झाली."

हे खरे होते. त्या टेनिस कोर्टावर आता बाबांचीच गाडी उभी राहात असे. माझ्या डोळ्यांसमोर सगळे चित्र उभे राहिले: विजेच्या खांबाच्या डाव्या बाजूस एक तिकीट देणारे यंत्र, आणि जेथे केतकीने झेपा घातल्या तेथे गाड्यांखाली सांडलेले तेल. तेवढ्यात डेरेक हातात कप घेऊन, हसत, आमच्याकडे येताना दिसला. जिग्नेश म्हणाला की आपण याला विचारू. मी त्याचा दंड धरला. जो विचारतो तो समोरच्याला सावध करतो, असे माझे त्या काळचे तत्त्व होते, आणि डेरेकच्या हसण्यात मला त्याला गप्प बसण्यासाठी काही मिळाल्याची खूण दिसली. आम्ही थर्मास उचलला आणि त्याच्याकडे पाठ करून निघालो. तो मागून काहीतरी म्हणत होता. आम्ही मान ताठ ठेवली.

केतकीचे ते कॉलेजातले शेवटचे वर्ष असणार होते. तिला फोन करून सांगावे असे निखिलचे मत पडले, आणि ते मी फेटाळले. बहीण परतेल तेव्हा मैदान वाचलेले असावे, आणि ते आपल्या दादाने वाचवले हे तिला दुसऱ्याकडून कळावे, अशी माझी योजना होती. घरात माझ्याविषयी बराच काळ कोणाला काही चांगले कळलेले नव्हते.

अर्ज लिहावयास मला चार दिवस लागले. बाबांच्या कपाटात त्यांनी जपून ठेवलेली सरकारी पत्रे होती, ती मी समोर मांडली, आणि बाजूस जाडजूड शब्दकोश. इंग्रजीत अर्ज इतका भारदस्त झाला की मराठीत त्याचा पूर्ण भार यावयाचा नाही, तरी त्यातले मुख्य वाक्य असे होते: "आम्ही खाली सह्या करणारे, सदर कॉलेजच्या हॉकीचे प्रेमी व हितचिंतक, अत्यंत व्यथित अंतःकरणाने विनंती करतो की सदर मैदान आहे त्या स्थितीत जतन करण्यात यावे, आणि आमची पुढील विनंती येईपर्यंत त्यास कोणीही, हत्यारासह अथवा हत्याराविना, हात लावू नये." हे वाक्य मला आजही आवडते. हत्याराविना हा शब्द घालताना मला उठून खोलीत दोन फेऱ्या माराव्या लागल्या होत्या.

सह्यांसाठी आम्ही बेलग्रेव्ह रोडची एक बाजू जाताना आणि दुसरी येताना केली. मिठाईवाले, साडीवाले, प्रवासाची तिकिटे विकणारे, भाजीच्या दुकानात कोथिंबीर निवडणाऱ्या बायका. माझा चेहरा इतका गंभीर होता की बहुतेकांनी कोणी तरी गेले आहे असे समजून सही केली. जिग्नेशच्या आजोबांनी दुकानाच्या गल्ल्यावर बसून गुजरातीत सही केली आणि आम्हाला जिलबी दिली. बाबांनी औषधाच्या चिठ्ठीवर करावी तशी, टीव्हीवरची नजर न काढता, केली. मराठी मंडळाच्या मासिक सभेत कमलकाकूंनी सही करून वर आणखी चौघींच्या करवून घेतल्या. फक्त डॉक्टर खरे, म्हणजे निखिलचे आजोबा, अर्ज घेऊन कोपऱ्यात बसले, चष्मा पुसून त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि मान हलवीत सही केली. तो अर्ज वाचणारे ते एकटे होते. प्रिन्सिपलबाईंच्या सेक्रेटरी मिसेस हिगिन्स यांच्याकडे मी तो स्वतः नेऊन दिला आणि पोच मागितली. त्यांनी पोच लिहून दिली तेव्हा माझ्या आयुष्यात प्रथमच कोणा अधिकाऱ्याने माझे संपूर्ण नाव नीट लिहिले होते.

आठवड्याने जाड कागदावर उत्तर आले. प्रिन्सिपलबाईंनी लिहिले होते की स्थानिक लोकांच्या भावना पाहून त्या हेलावल्या आहेत, मैदानावरचे नियोजित काम थांबवण्यात आले आहे, आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांच्या, म्हणजे कॉलेजच्या नियामक मंडळाच्या, बैठकीत त्याचा पुनर्विचार होईल. मी ते पत्र आईला दोनदा वाचून दाखवले. आईने शिरा केला. जिग्नेश दुकानातून पेढे घेऊन आला. बाबांनी क्रिकेटचा आवाज कमी करून ते पत्र मागून घेतले, आणि इंग्रजी चांगले आहे, असे म्हणाले. ते प्रिन्सिपलबाईंच्या इंग्रजीविषयी म्हणाले की माझ्या, हे मी विचारले नाही. ती संध्याकाळ मी एका थोर माणसाप्रमाणे घालवली.

रविवारी दुपारी केतकी बर्मिंगहॅमहून परतली. मी पत्र तिच्या ताटाशेजारी ठेवले होते. आमटीभाताचा पहिला घास घेता घेता तिने ते वाचले, आणि घास तसाच हातात राहिला. जिग्नेश आणि निखिल कौतुक पाहण्यासाठी मुद्दाम आले होते. कूकरची वाफ सुटत होती.

"तू कोणाला विचारलंस का, दादा?" तिने विचारले.

मी तत्त्व सांगावयास सुरुवात केली. ती ऐकत नव्हती. तिने जीन्सचा पाय गुडघ्याच्या वर सरकवला. तिच्या गुडघ्याखाली टाके घातल्याची लांब खूण होती. ती फेब्रुवारीतली. आम्ही तिघांनीही ती पाहिली होती आणि शौर्याचे चिन्ह म्हणून मिरवलीही होती.

"हे ग्राउंडवरच्या कार्पेटच्या, त्या नकली गवताच्या शिवणीनं झालंय. गोलसमोर ते फाटून वर आलंय. मार्चमधला तो बॉल त्याच शिवणीवर उडाला. आम्ही कॅप्टनपासून सगळ्या जणी तीन वर्षं नवं कार्पेट मागतोय. या वर्षी मिळालं होतं." तिने जीन्स खाली ओढली. "लीगनं लिहून दिलंय, जुन्या कार्पेटवर होम मॅच नाही. दुसरं ग्राउंड आपल्याला नाही. म्हणजे टीम विथड्रॉ. माझं लास्ट इयर आहे, दादा."

जिग्नेशने हातातला पेढा परत डब्यात ठेवला. मी काही बोलण्यापूर्वी ती ताट उचलून आत गेली. गॅरेजच्या भिंतीवर त्या दिवशी चेंडू आपटला नाही, आणि तो न आपटलेला आवाज मला संध्याकाळपर्यंत ऐकू येत राहिला. सहा वर्षे आम्ही त्या कुंपणाशी उभे होतो. बाहेरून मैदान हिरवेगार दिसे. त्यावर पाय ठेवावयाचे आम्हाला कधी सुचले नव्हते, कारण समर्थकांची जागा कुंपणाबाहेर असते, असे मीच मंडळाच्या नियमांत लिहिले होते.

सोमवारी सकाळी नऊला मी मिसेस हिगिन्स यांच्यासमोर उभा होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग समजावले की एका माणसाचा विचार बदलला म्हणून प्रिन्सिपलबाईंना इतक्या लोकांची मागणी बाजूला ठेवता येणार नाही. त्याच लोकांनी तसे लिहून दिले तर गोष्ट वेगळी. आणि तेही पुढच्या शुक्रवारपर्यंत, कारण त्यानंतर ती पिवळ्या जाकिटांची मंडळी आपला ऑगस्ट दुसऱ्या गावच्या शाळेच्या कामाला देणार होती. परतताना डेरेक भेटला. मी त्याला त्या शनिवारी तो काय सांगावयास येत होता ते विचारले. तो म्हणाला की नव्या कार्पेटचा एक तुकडा नमुन्यासाठी आला होता, आमच्यासारख्या नेमाने येणाऱ्यांना तो दाखवावा असे त्याला वाटले होते.

त्या दिवशी मी दुसरा अर्ज लिहिला. तो चार पाने झाला. त्यात मी टेनिस कोर्टाचा इतिहास दिला, पिवळ्या जाकिटांमुळे कोणाचाही समज कसा होऊ शकतो हे दाखवले, आणि कॉलेजने समर्थक मंडळास वेळीच न कळवल्याबद्दल सौम्य शब्दांत खेद नोंदवला. निखिलने तो वाचून तो खूप चांगला आहे असे सांगितले. केतकी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मी पाने तिच्या दाराखालून सरकवली. थोड्या वेळाने ती खाली आली, जेवणाच्या टेबलाशी बसली, आणि तिने चारही पानांवर एकेक तिरकी रेघ मारली.

"चूक कोणाची, ते पहिलं. मग काय पाहिजे, ते. संपलं," ती म्हणाली.

मी म्हणालो की अशाने अर्जाला वजन राहात नाही. ती म्हणाली की वजन पहिल्या अर्जाला भरपूर होते. मी ही चूक केली, हे चार शब्द लिहिण्याइतके अवघड काम मी त्याआधी केलेले नव्हते, आणि माझ्या अशिलांकडे पाहून सांगतो, बहुतेक माणसे ते मरेपर्यंत करीत नाहीत. शेवटी अर्ज असा झाला: "मैदानाविषयीच्या पहिल्या अर्जात मी चूक केली, मी कोणाला विचारले नव्हते. कार्पेट फाटलेले आहे. कृपया नवे घालावे. आम्ही आमच्या पहिल्या सह्या मागे घेत आहोत." खाली माझी सही, सर्वांत आधी.

मग केतकी माझ्याबरोबर बेलग्रेव्ह रोडवर आली. प्रत्येक दुकानात मी अर्ज पुढे करी आणि ती गुडघ्यापर्यंत जीन्स वर करी. साड्यांच्या दुकानातले वयस्क मालक इतके संकोचले की त्यांनी न पाहताच सही केली आणि तिला बसावयास स्टूल दिले. जिग्नेशचे आजोबा दरम्यान बडोद्याला गेले होते. जिग्नेशने त्यांना फोन केला, आणि त्यांनी तिथल्या बाजारातून आपली सही फॅक्सने पाठवली. ती आडवी आली, शेजारी एका लग्नाच्या बँडची अर्धी जाहिरातही आली, परंतु मिसेस हिगिन्स यांनी पुढे ती ग्राह्य धरली. बाबांनी या वेळी टीव्ही बंद केला. त्यांनी अर्ज पुढून वाचला, उलटवून मागची कोरी बाजूही पाहिली, आणि मग सही केली. पेन परत देताना त्यांनी टोपण बसवून ते माझ्या खिशाला लावून दिले, जे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते.

राहिली मराठी मंडळाची मंडळी. बुधवारी कोणाकडे तरी भजन होते, तेथे सगळे जमणार होते. चहाची मोठी किटली सूं सूं करीत होती. मी अर्ज हातोहात फिरवावयास दिला तेव्हा डॉक्टर खरे म्हणाले की नको, तू वाचून दाखव. सगळ्यांना ऐकू येईल असे. निखिल माझ्याकडे पाहून आजोबा असेच करतो असे पुटपुटला. मी उभा राहिलो. पहिल्या अर्जाच्या वेळी याच बायकांनी मला किती गुणाचा मुलगा म्हटले होते. मी पहिले वाक्य वाचले आणि माझा आवाज मलाच परक्याचा वाटला. केतकी दाराशी भिंतीला टेकून उभी होती आणि जमिनीकडे पाहात होती. चार छोटी वाक्ये, पण ती संपेनात.

कोणी हसले नाही, हे मी नमूद करतो. डॉक्टर खऱ्यांनी खिशातून पेन काढले.

"तुझा पहिला अर्ज वाचून मला वाटलं होतं, हा मोठा वकील होणार," ते म्हणाले. "हा ऐकून वाटतं, थोडी अक्कल येणार. आण इकडे."

त्यांच्यामागून कमलकाकू आल्या. "मागच्या वेळी मी वाचलं नव्हतं रे. आताही चष्मा आणला नाहीये. कुठे करू?"

आज माझ्या टेबलाशी कोणी तावातावाने आला, की ज्या माणसाविरुद्ध अर्ज लिहावयाचा त्याला तुम्ही विचारलेत का, हा माझा पहिला प्रश्न असतो. निम्मी माणसे विचारावयास म्हणून उठून जातात आणि पुन्हा येत नाहीत. साड्यांचे दुकानदार म्हणतात की अशाने तुमचा धंदा कसा चालावयाचा. चालतो. आणि येणाऱ्याचे चार पानांचे म्हणणे मी चार वाक्यांवर आणतो, तेव्हा ते मला कोणी शिकवले हे मी सहसा सांगत नाही.

शुक्रवारी सकाळी सह्या पोहोचल्या. ऑगस्टमध्ये पिवळी जाकिटे आली आणि जुने कार्पेट गुंडाळ्या करून घेऊन गेली. आम्ही कुंपणाशी उभे राहून पाहिले, चहा त्यांनाही दिला, थालीपिठेही दिली. त्यांतल्या एकाने चटणीची कृती विचारली. मग नवी गुंडाळी उलगडली, गोंदाचा वास आठवडाभर आमच्या कपड्यांना राहिला, आणि सप्टेंबरात एके दिवशी काचेच्या खोलीत गेलो तर तेथे कसलाच वास नव्हता. केतकी पॅड घेऊन गेली होती.

पहिल्या सामन्याच्या दिवशी आदल्या पावसाने मैदान ओले होते. आम्ही दीड वाजता विजेच्या खांबाच्या डाव्या बाजूस उभे राहिलो. संघ सराव करीत होता. केतकी पॅड फटफटवीत, पायांना गाद्या बांधलेल्या माणसासारखी चालत, कुंपणाकडे आली आणि तिने लहान फाटक उघडले. माझ्याशी ती पुन्हा बोलू लागली होती, पण मोजकेच. त्या रविवारचे आमच्यात काही शिल्लक होते.

"आत ये, दादा," ती म्हणाली.

मी तिला आठवण दिली की समर्थकांची जागा कुंपणाबाहेर असते. जिग्नेशने मला मागून ढकलले. मी आत दोन पावले टाकली आणि थांबलो. तिने गोलसमोरची जागा हेल्मेटने दाखवली.

"आता लाव हात," ती म्हणाली. "हत्याराविना."

मी गुडघ्यावर बसलो आणि हात लावला. थंड, ओले, बारीक वाळू भरलेले गवत. मी तळहात या बाजूपासून त्या बाजूपर्यंत फिरवला, जेथे ती शिवण असावयास हवी होती तेथून, आणि परत. कोठेही काही लागले नाही. केतकी वरून पाहात होती, आणि हेल्मेट घालण्याआधी ती हसली. मग अंपायरची शिट्टी झाली आणि मी धावत आपल्या जागी गेलो. तो सामना आम्ही एक विरुद्ध तीन असा हरलो. हाताला चिकटलेली वाळू मी शेवटपर्यंत झटकली नाही. थालीपीठसुद्धा डाव्या हाताने खाल्ले.